ट्रंकेतला झोर्की



गेल्या महिन्यात निगडीला आमच्या मामींच्या घराला रंग द्यायचे ठरले आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक बऱ्याच वर्षांनी खाली आली. अशा ट्रंकेत काय काय असते हे आपल्या घरांतून सांगावे लागत नाही. जुनी रेशनकार्डे, पतपेढीची पासबुके, मामांचा कामावरचा पत्र्याचा बिल्ला, कुणाच्या तरी लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला टॉवेल. सगळ्यात तळाशी तपकिरी चामड्याच्या पिशवीत मामांचा कॅमेरा, आणि त्याच्या शेजारी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे. डब्यांत निगेटिव्ह.

मामींचा नातू चाकणला मोटारीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने कॅमेरा हातात घेतला, फोनवर काहीतरी शोधले आणि डोळे मोठे करून विचारले, "आजी, हा लायका आहे का? लायका असला तर लाखाच्या वर जातो म्हणे."

मामी म्हणाल्या, "लायका नाही अन् फायका नाही. रशियाचा आहे. तुझ्या आजोबांनी जुन्या बाजारातून आणला, तवा पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते."

पोराचा चेहरा उतरला. त्याने कॅमेरा परत पिशवीत घातला. डब्यांकडे तर त्याने पाहिलेसुद्धा नाही. आम्ही मात्र ते डबे पिशवीत घालून घरी आणले, आणि गेले चार आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नाही. म्हणून आजचे हे सदर त्या कॅमेऱ्याबद्दल आणि त्या डब्यांबद्दल.

कॅमेऱ्याचे नाव झोर्की-४. रशियन भाषेत झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात १९५६ पासून १९७३ पर्यंत तो बनत होता आणि सतरा लाखांहून अधिक बनला. या जातीच्या कॅमेऱ्यांना रेंजफाइंडर म्हणतात. मराठीत अंतरमापी म्हणता येईल, पण तसे कोणी म्हणत नाही.

त्याचे काम कसे चालते ते आम्हांला मामांनी शिकवले. कॅमेऱ्याच्या अंगावर थोड्या अंतराने काचेच्या दोन खिडक्या असतात. एकीतून आपण समोरचे दृश्य पाहतो. दुसरी तेच दृश्य जरा बाजूने पाहते, आणि आतल्या आरशाच्या साहाय्याने ते पहिल्या दृश्यावर आणून टाकते. डोळा लावला की मधोमध एक फिकट ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्यात समोरच्या माणसाला दोन नाके दिसतात. भिंग फिरवत गेले की दुसरे नाक सरकत सरकत पहिल्यावर येते. दोन्ही एक झाली की अंतर जुळले. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून समोर धरलेले बोट पाहा. बोट जागा बदलते. तत्त्व तेच. मामा म्हणायचे, "दोन आज्या दिसतात तोवर दाबायचं नाही. एक आजी झाली की दाब."

पुढे जे मोठे कॅमेरे आले, त्यांत आरसा भिंगामागे असतो आणि फोटो काढताना तो खाडकन् वर उडतो. रेंजफाइंडरमध्ये असा उडणारा आरसा नाही. त्यामुळे तो लहान, हलका, आणि आवाज अगदी कमी. हाताला हिसका बसत नाही म्हणून चाळीच्या खोलीत, चाळीस वॅटच्या दिव्यातही फ्लॅशशिवाय फोटो निघतो. पण एक मोठा दोष आहे. आपण पाहतो ते खिडकीतून, आणि फोटो उतरतो तो भिंगातून. भिंगापुढे काय आहे ते डोळ्याला दिसतच नाही. हा दोष वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे आमच्याच अंगाशी आला आहे.

आता या कॅमेऱ्याची वंशावळ पाहू. जर्मनीतल्या वेट्झलर गावी सूक्ष्मदर्शक यंत्रे बनवणारा लाइट्झ नावाचा कारखाना होता. तिथे ऑस्कर बारनाक नावाचा एक यंत्रकारागीर होता. त्याला दम्याचा विकार. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा पाठीवर घेऊन हिंडणे त्याला झेपेना. म्हणून सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा त्याने १९१४ च्या सुमारास तयार केला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत तो लोकांसमोर आला. लाइट्झचा कॅमेरा म्हणून लायका. १९३२ मध्ये त्यात अंतर मोजणारी खिडकी आली आणि ती थेट भिंगाला जोडली गेली. बारनाकने स्वतः वापरलेला एक जुना नमुना जून २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. आपल्या पैशात शंभर कोटींच्या वर! दमेकरी माणसाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली वस्तू आज कपाटात ठेवायची मिरवणूक होऊन बसली आहे. असो.

लायका महाग होती, म्हणून जगभर तिच्या नकला झाल्या. त्यांतली जपानची गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. टोकियोत गोरो योशिदा नावाच्या तरुणाने एक लायका खोलून पाहिली आणि ठरवले की हे आपणही करू. १९३४ मध्ये त्याच्या मंडळींनी जो नमुना जाहीर केला त्याचे नाव होते 'क्वानॉन'. क्वानॉन म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे जपानी नाव! आणि त्याच्या भिंगाला नाव दिले होते 'कास्यपा', तथागतांचे शिष्य महाकाश्यप यांच्यावरून. पुढे व्यापारासाठी क्वानॉनचे 'कॅनन' झाले. होय, तीच कॅनन, जिच्या यंत्रांवर आज आपल्या मुलांच्या दाखल्यांच्या प्रती निघतात. नाव घेताना आपण कोणाचे नाव घेतो हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी नक्कल युक्रेनमधल्या खारकिव्हची. तिथे रस्त्यावरच्या, अनाथ मुलांसाठी एक वसाहत होती. अंतोन माकारेंको हे तिथले शिक्षक. मुलांनी शिकायचे आणि कारखान्यात कामही करायचे, अशी पद्धत. आधी त्यांनी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे बनवली. १९३४ पासून लायकाच्या धर्तीवरचा कॅमेरा बनवू लागली. त्याचे नाव 'फेड'. ज्या पोरांना गावाने चोर म्हणून हाकलले होते, त्यांनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे काम करून दाखवले. हुशारी विशिष्ट घरांतच जन्मते असे मानणाऱ्यांनी ही हकीकत वाचावी. या फेडवरूनच १९४८ मध्ये झोर्कीची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिचे पुढचे भावंड आमच्या मामांकडे आले. म्हणजे ट्रंकेतला कॅमेरा नकलेची नक्कल. आम्हांला त्यात कमीपणा वाटत नाही.

मामा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होते. पुढे कधीतरी एका मित्राची लायकाची जुनी लेन्स त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे व्हर्नियर काढून आटे मोजले. व्यास ३९ मिलिमीटर, आणि आटे मात्र इंचाला २६! अर्धे माप फ्रान्सचे आणि अर्धे इंग्लंडचे. सूक्ष्मदर्शकाच्या आट्यांचे ते जुने वळण जर्मनांनी तसेच चालवले होते. रशियनांनी ते सरळ करून एक मिलिमीटरचा आटा पाडला. फरक इतका थोडा की एकाची लेन्स दुसऱ्याला बसते. मामा हे सांगताना इतके रंगून जायचे की समोरच्याचा चहा गार व्हायचा.

वेट्झलरची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू लोकांना नोकऱ्या, शाळा, दुकाने सगळे बंद होऊ लागले. तेव्हा कारखान्याचे मालक दुसरे अर्न्स्ट लाइट्झ यांनी ज्यू कामगार आणि शिकाऊ मुले यांना परदेशातल्या शाखांत 'नोकरीसाठी' पाठवायला सुरुवात केली, विशेषतः न्यूयॉर्कला. जाणाऱ्याच्या गळ्यात एक लायका असे. परक्या मुलुखात विकून चार दिवस पोट भरता यावे म्हणून. १९३९ मध्ये सरहद्दी बंद होईपर्यंत हे चालले. त्यांची मुलगी एल्सी हिला १९४३ मध्ये एका ज्यू बाईला स्वित्झर्लंडला पळून जायला मदत केल्याबद्दल गेस्टापोने तुरुंगात टाकले. त्या घराने याचा डांगोरा कधी पिटला नाही. पुष्कळ वर्षांनी हे उजेडात आले. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच कारखान्याने युद्धात लष्कराचे सामान बनवले, आणि युक्रेनमधून धरून आणलेल्या स्त्रिया तिथे सक्तीच्या मजुरीवर राबत होत्या. एल्सीने त्यांचे हाल कमी व्हावेत म्हणून खटपट केली, पण त्या स्वतःहून आलेल्या नव्हत्या. एकाच छपराखाली दोन्ही गोष्टी घडल्या. एक सांगून दुसरी झाकणे आम्हांला पटत नाही.

१९५४ मध्ये लायकाने 'एम-३' नावाचा नवा कॅमेरा काढला. पाहायची खिडकी आणि अंतर जुळवायची खिडकी यात एकच केली होती, आणि दृश्य जवळजवळ डोळ्याला दिसते तेवढेच मोठे दिसे. १९६६ पर्यंत असे दोन लाखांहून अधिक कॅमेरे बनले. जाणकार आजही त्याला या जातीतला सर्वोत्तम मानतात. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार आयुष्यभर लायकाच वापरत असे. चकाकी दिसू नये म्हणून कॅमेऱ्यावर काळी पट्टी चिकटवून गर्दीत मिसळायचा. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येपूर्वी थोडाच वेळ आधी तो त्यांना भेटून गेला होता. जवळ जायचे, पण माणसाला बुजवायचे नाही, ही या कॅमेऱ्याने लावलेली सवय.

त्याच १९५४ साली, २५ डिसेंबरला, आमच्या या पट्ट्यात काय घडले ते वाचकांना सांगायला नको. रंगूनची जागतिक बौद्ध परिषद आटोपून आलेल्या बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आमचे आजोबा तेव्हा तिथल्या डेपोत मजूर होते. आजी त्या गर्दीत चार वर्षांच्या मामांचा हात धरून उभी होती. आजीने ती गोष्ट आम्हांला किमान शंभरदा सांगितली असेल. थंडी किती होती, कोणाचे लुगडे कोणाच्या पायाखाली आले, मूल हरवले म्हणून कोण रडत होते. पण त्या दिवसाचा आजीचा फोटो नाही. त्या काळी फोटो म्हणजे पुण्याला जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीत ताठ बसणे, आणि त्याला पैसे पडत. आपल्या थोरांचे फोटो आहेत, त्यांच्यासमोर बसलेल्यांचे नाहीत. असले तरी ते तांदळाच्या दाण्याएवढे डोके आणि त्याला नाव नाही.

तरी काहींना त्याचे मोल तेव्हाच कळले होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी ती पदरमोड करून फिल्मवर उतरवली. तो सिनेमाचा कॅमेरा होता, आमच्या विषयातला नव्हे. पण त्यांनी त्या दिवशी हिशेब केला असता तर आज आपण त्या लाखो माणसांच्या लोंढ्याची केवळ वर्णने वाचत बसलो असतो.

मामांनी झोर्की घेतला १९७४ मध्ये, पुण्याच्या जुन्या बाजारात. बोनसचे पैसे होते आणि मामींना त्यातून शिवणयंत्र हवे होते. तेव्हा परदेशी कॅमेऱ्यांवर आयातीची बंधने होती. कोणाचा भाऊ आखातात किंवा आगबोटीवर असेल तर यशिका मिळायची. बाकीच्यांना आपला अगफा क्लिक-थ्री, किंवा असा एखादा हातोहात फिरलेला रशियन. या कॅमेऱ्याची एक खोड होती : आधी रीळ पुढे ओढायचे, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटे केले तर आतले यंत्र बिघडायचे. मामांनी हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करायला लावले होते, मामींनासुद्धा.

रिळे धुण्याचे काम क्वार्टरच्या मोरीत चाले. दिवस मावळला की मोरीच्या दाराला गोधडी, आत मिट्ट काळोख. फिल्म ऑर्वोची, नाहीतर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू'. (तो कारखानाही आता बंद पडला.) फिल्म धुण्याचे औषध वीस अंशांवर लागते, आणि एप्रिलमध्ये आमच्याकडे नळाचे पाणीच तीस अंशांचे. म्हणून मामी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून चार आण्यांचा बर्फ आणायच्या. अबोला पंधरा दिवसच टिकला होता. नंतर मोरीबाहेर गजराचे घड्याळ घेऊन मिनिटे मोजायला मामीच बसायच्या, आणि रीळ वाळले की पाकिटावर तारीख आणि ठिकाण लिहायच्या. एकशेसहा पाकिटे आहेत आणि प्रत्येकावर मामींचे अक्षर आहे. 'दापोडी, बारसे.' 'कासारवाडी, १४ एप्रिल.' 'गेट, दुसरी पाळी सुटताना.'

गेट. मामांच्या फोटोंत गेट फार आहे. डबे लावलेल्या सायकलींची रांग, पाळी सुटल्यावर एकदम बाहेर पडणारी माणसे, गेटसमोरचा चहावाला, भोंग्याची वाट बघत फुटपाथवर झोपलेले बदली कामगार. पण गेटच्या आतला एकही फोटो नाही. आत कॅमेरा नेता येत नसे. ज्या लेथवर मामांनी अडतीस वर्षे काढली तो लेथ कसा दिसत होता हे त्यांच्या नातवंडांना कधी कळणार नाही. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत यंत्रांचे चकचकीत फोटो येतात. त्यांत यंत्र दिसते. आजही फरक पडलेला नाही. चाकणच्या बऱ्याच कारखान्यांत फाटकावर पहारेकरी प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर कागदी टिकली चिकटवतो. आम्ही हे मामींच्या नातवाला म्हटले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "माझ्या फोनच्या मागे बघा." टिकलीचा डिंक अजून तिथे होता.

कामाची जागा हीसुद्धा फोटो काढण्याजोगी गोष्ट आहे, हे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढून दाखवले. गटारात उतरलेला माणूस आणि त्याच्या घरातली दिवाबत्ती, दोन्ही त्यांनी पाहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मामांना पद्मश्री मिळाली नसती. त्यांचे निम्मे फोटो हललेले आहेत.

आता आमच्या अंगाशी आलेली गोष्ट. २५ डिसेंबर १९८४. देहूरोडच्या त्या दिवसाला तीस वर्षे झाली म्हणून आजीने हट्ट धरला, मला तिथे घेऊन चला. मामांची पहिली पाळी होती, म्हणून त्यांनी कॅमेरा आमच्या गळ्यात घातला. आम्ही बावीस वर्षांचे, मोठे शहाणे. घरून निघताना आम्ही घोरावडेश्वरच्या डोंगराकडे रोखून अंतराची खिडकी तपासली. दूरच्या वस्तूवर दोन्ही प्रतिमा आपोआप एक व्हायला हव्यात, त्या झाल्या. आजीला पांढरे लुगडे, डोक्यावर पदर. बुद्धमूर्तीसमोर, मग बाहेर, मग "मी इथंच उभी होते, इथंच" असे ती म्हणाली त्या जागी. दोन आज्या एक होईपर्यंत थांबलो, श्वास रोखला, दाबले. अकरा फोटो घेतले. परत येताना बसमध्ये बसलो आणि कॅमेरा पिशवीत घालायला गेलो, तर भिंगावर टोपण तसेच.

खिडकीतून सगळे स्वच्छ दिसत होते. भिंग आंधळे होते.

आजीला आम्ही सांगितले नाही. पुढच्या महिन्यात परत जाऊ असे मनाशी ठरवले. आजी जूनमध्ये गेली. मामांनी ते रीळ धुतले, कोऱ्या अकरा खिडक्या पाहिल्या, आणि आम्हांला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. पाकिटावर मामींनी नेहमीप्रमाणे लिहिले आहे : 'देहूरोड, २५ डिसेंबर.'

१९५९ मध्ये निकॉनचा 'एफ' आला. त्यात भिंगातूनच पाहायची सोय होती, त्यामुळे अशी चूक होण्याची शक्यताच उरली नाही, आणि लांबचेही जवळ दिसू लागले. वर्तमानपत्रवाले तिकडे वळले, आणि रेंजफाइंडर हळूहळू मागे पडला. लायकाने मात्र तो सोडला नाही. २०२२ मध्ये तर आपला जुना फिल्मचा 'एम-६' पुन्हा बनवायला घेतला. तरुण मुले हौसेने फिल्म शोधतात असे ऐकतो. शोधू देत. रीळ फार महाग झाले आहे. ज्यांना ते परवडते त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही.

आमचा जीव अडकला आहे तो डब्यांत. आपल्या वाचकांपैकी कितीजणांच्या घरी असे डबे असतील? पुसून टाकण्याआधी, भंगारात देण्याआधी आमचे थोडे ऐका. पट्टी कडेने धरावी, मधल्या चित्राला बोट लावू नये, ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नये. डबा उघडल्यावर आंबट, शिरक्यासारखा वास आला तर ती फिल्म सडू लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करावी, कारण ती शेजारच्यांनाही बाधते, आणि तिचे फोटो आधी उतरवून घ्यावेत. त्यासाठी दुकान लागत नाही. एका फोनचा पडदा पांढरा करून त्यावर थोड्या उंचीवर पट्टी धरायची, दुसऱ्या फोनने जवळून फोटो घ्यायचा, आणि काळ्याचे पांढरे करणारे बटण दाबायचे. घरातल्या नववीतल्या मुलीला हे येते, विचारून पाहा. चिकट पानांचे अल्बम १९८० नंतर घरोघर आले. त्यांचा डिंक फोटो पिवळे पाडतो. सहज निघत असतील तर काढून साध्या कागदात ठेवावेत. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नये, काचेवरूनच त्याचा फोटो घ्यावा. कॅमेरा असेल तर तो चामड्याच्या पिशवीबाहेर काढावा. पावसाळ्यात ती पिशवी ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते. मामांच्या झोर्कीवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली आहे.

आणि फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. शाईने नको, ती पुढे उतरते. आम्ही मामींना विचारले, "तुम्ही तारीख लिहिलीत, गाव लिहिलेत, मग नावे का नाही?" त्या म्हणाल्या, "नावं कशाला लिहायची? आपलीच तर माणसं होती."

बावन्नाव्या पाकिटात एक पट्टी सापडली. 'गेट, संप, १९७८.' आतल्या चौथ्या चौकटीत चार बायका उभ्या आहेत. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत संपावर बसलेल्यांसाठी भाकऱ्या. डावीकडून दुसरी आमची आजी. स्पष्ट, दोन नाहीत, एकच. नाकातली फुलीसुद्धा मोजून घ्यावी. मामांचा हात त्या दिवशी हलला नव्हता. आमच्याकडे आजीचा असा फोटो आहे हे आम्हांला सत्तेचाळीस वर्षे ठाऊक नव्हते.

फोटो मोठा करून मामींपुढे ठेवला. चष्मा लावून, मग काढून, मग खिडकीपाशी नेऊन त्यांनी पाहिला. उजवीकडची शेजारच्या क्वार्टरमधली, तिचे नाव त्यांनी लगेच सांगितले. तिच्या अलीकडची तिची नणंद, तेही आठवले. सगळ्यात डावीकडची बाई हसते आहे, टोपली सगळ्यांत मोठी तिचीच आहे. तिच्यावर मामींनी बराच वेळ बोट ठेवले.

"हिनं माझ्या थोरल्याला दूध पाजलंय," त्या म्हणाल्या. "मी तापानं पडले होते तवा. आठ दिवस. पण नाव..."

आम्ही पाठीमागे पेन्सिलीने तीन नावे लिहिली आणि डावीकडची जागा मोकळी ठेवली. दापोडीला त्या वेळची एक शेजारीण अजून आहे म्हणतात. नव्वदीला टेकल्या आहेत, कानाने ऐकू येत नाही, पण नजर चांगली आहे. येत्या रविवारी मामींना रिक्षात घालून तिकडे नेणार आहोत.